मु. पो. जर्मनी

पत्राच्या माथ्यावर आपण 'मु. पो.' लिहितो. ते इतक्या सवयीने लिहितो की त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे ध्यानातही येत नाही. मुक्काम म्हणजे माणूस जेथे राहतो ते ठिकाण आणि पोस्ट म्हणजे त्याचे टपाल जेथे उतरते ते ठिकाण. खेड्यापाड्यांत या दोन जागा पुष्कळदा वेगळ्या असत, म्हणून तर 'मु. अमुक, पो. तमुक' असे लिहिण्याची रीत पडली. जर्मनीत जाऊन राहणाऱ्या माणसाला या दोहोंत तिसऱ्या एका गोष्टीची भर घालावी लागते. ती म्हणजे नोंद. मुक्काम आहे, पोस्टही कोणाच्या तरी मार्फत येते आहे, पण नोंद नाही, अशा अवस्थेत तेथे दिवस काढणारे परदेशी विद्यार्थी आणि नोकरदार थोडे नाहीत. या अवस्थेचे स्वरूप काय, माणूस तीत कसा सापडतो आणि तीतून सुटतो कसा, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

हा विषय आपल्या वार्षिकात कशाला, असे कोणी विचारील. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात जर्मनीतील विद्यापीठांत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते. परदेशी विद्यार्थ्यांत संख्येने पहिला क्रमांक आपलाच. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात आणि अनेक महाविद्यालयांत जर्मन शिकणारे विद्यार्थी पाहिले म्हणजे त्यांत मराठी मुलामुलींचा वाटा किती असेल याचा अंदाज येतो. ही मंडळी जाण्यापूर्वी भाषेची परीक्षा, व्हिसा, थंडीचे कपडे, प्रेशर कुकर या सर्वांची चर्चा मनसोक्त करतात. पत्त्याची चर्चा मात्र फारसे कोणी करीत नाही. आपल्याकडे पत्ता ही तयारीची गोष्टच नाही. लातूरकडचा एखादा विद्यार्थी पुण्यात पाच वर्षे खोली करून राहतो, तरी त्याच्या आधार कार्डावर गावचाच पत्ता असतो. त्यावाचून त्याचे काहीही अडत नाही. बँकेत तोच पत्ता, परीक्षेच्या अर्जावर तोच. 'कायमचा पत्ता' आणि 'सध्याचा पत्ता' असे दोन रकाने आपल्या प्रत्येक अर्जात असतात आणि खरे वजन असते ते पहिल्याला.

जर्मन कायद्याला 'कायमचा पत्ता' ही कल्पना ठाऊक नाही. तेथे विचारतात ते एवढेच की आज तुम्ही कोणत्या घरात राहता. १ नोव्हेंबर २०१५ पासून सबंध देशाला लागू असलेल्या नोंदणी कायद्याप्रमाणे, घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक नागरी कचेरीत आपली नोंद केली पाहिजे. या नोंदीला 'आनमेल्डुंग' म्हणतात. हा नियम केवळ परक्यांसाठी नाही. जन्मापासून बर्लिनमध्ये राहणारा जर्मन गृहस्थ एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेला, तरी त्यालाही नव्या पत्त्याची नोंद करावीच लागते. नोंद केली नाही तर एक हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदीला शुल्क मात्र नाही. पासपोर्ट, एक अर्ज आणि घर देणाऱ्याचे एक पत्र घेऊन जावे, पाच-दहा मिनिटांत काम होते आणि एक साधा शिक्क्याचा कागद हातात पडतो.

दोन आठवडे मोजायचे ते देशात उतरल्यापासून नव्हे, घरात राहावयास गेल्यापासून. जो सहा महिन्यांहून अधिक काळ राहणार नाही, ज्याचे एरवीचे घर परदेशात आहे आणि जर्मनीत ज्याची कोठेही नोंद नाही, अशा पाहुण्याला कायद्याने तीन महिन्यांची मुभा आहे. हॉटेलात किंवा वसतिगृहासारख्या उतारशाळेत राहणाऱ्यालाही तशीच सवलत मिळते. तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत नोंद नसणे हा सरसकट गुन्हा नाही. जर्मनीत पाऊल ठेवताच आपण बेकायदा ठरलो अशी जी धास्ती पुष्कळ नवागतांना वाटते, ती अनाठायी आहे. अडचण येते ती दुसऱ्याच बाजूने. कायदा तीन महिने थांबायला तयार असतो, पण बाकीच्या कचेऱ्या थांबत नाहीत.

समजा, एक मराठी मुलगी ऑक्टोबरच्या सत्रासाठी बर्लिनला पोहोचली आहे. निर्वाहाची तरतूद म्हणून तिला व्हिसापूर्वीच एका गोठवलेल्या खात्यात पैसे भरावे लागले आहेत. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो अशी आहे. पैसे तिचेच, पण ते दरमहा हाती पडायचे तर जर्मनीत चालू खाते हवे. खाते उघडायला गेली तर बँक नोंदीचा कागद मागते. नोंद करायची तर घर हवे. घर पाहावयास गेली तर घरमालक मागतो तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि 'शूफा' या संस्थेचा पतदाखला. १९२७ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेली ही संस्था देशातल्या बहुतेक प्रौढांच्या उधार-उसनवारीची टिपणे ठेवते. काल विमानातून उतरलेल्या मुलीची टिपणे तिच्याजवळ कोठून असणार? पत नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून खाते नाही आणि खाते नाही म्हणून पत नाही. बीज आधी की वृक्ष आधी हा वाद आपण तत्त्वज्ञानाच्या तासाला ऐकतो. येथे तो भाड्याच्या खोलीवर येऊन बसतो.

हे चक्र कोठे तरी फोडावे लागते आणि ते बँकेच्या जागी फोडणे सर्वांत सोपे असते. केवळ पासपोर्ट पाहून खाते उघडून देणाऱ्या बँका आता आहेत. शिवाय २०१६ पासून जर्मन कायद्याने देशात कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येकाला 'बाझिसकोंटो', म्हणजे किमान व्यवहारापुरते मूलभूत खाते मागण्याचा हक्क दिला आहे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशातून आलेला हा हक्क बेघर माणसालाही आहे. ज्याला राहते घर नाही त्याच्याजवळ बँकेने नोंदीचा कागद मागून अडून बसू नये हाच त्यामागचा हेतू. हा हक्क ठाऊक असलेले विद्यार्थी थोडेच. खिडकीमागच्या कारकुनाने 'नाही' म्हटले की आपला मुलगा मुकाट्याने परत फिरतो. आपल्याकडच्या खिडक्यांनी त्याला तीच शिकवण दिलेली असते.

आता त्या घर देणाऱ्याच्या पत्राकडे वळू. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची मेख तेथे आहे. 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' असे त्याचे लांबलचक नाव आहे. (जर्मन भाषा शब्दांना समासात बांधते ती आपल्या बाणभट्टालाही मान डोलवायला लावील.) या पत्रात घर देणाऱ्याचे नाव व पत्ता, घराचा पत्ता, राहावयास आल्याची तारीख आणि राहणाऱ्यांची नावे एवढेच असते. भाडेकरार दाखवून त्याऐवजी चालत नाही. हे पत्रच लागते. पूर्वीही अशी पद्धत होती. २००२ मध्ये ती अनावश्यक म्हणून काढून टाकली. पुढे खोट्या पत्त्यांवर नोंदी होऊ लागल्या, म्हणून २०१५ च्या कायद्याने ती परत आणली. याचा परिणाम असा झाला की नोंद करण्याचे कर्तव्य राहणाऱ्याचे, दंडाची भीती राहणाऱ्याला, पण नोंदीची किल्ली घर देणाऱ्याच्या खिशात.

आणि घर देणारा ही किल्ली पुष्कळदा काढून देत नाही. खोलीच्या जाहिरातीतच 'नोंद होणार नाही' असे स्पष्ट लिहिलेले आढळते. असे का, हे समजून घेण्यासाठी मुंबईतील जुन्या भाड्याच्या घरांची आठवण करावी. भाडे घ्यायचे पण पावती द्यायची नाही, कारण पावती दिली की पोटभाडेकरूचा हक्क उभा राहतो, ही युक्ती आपल्या वडीलमंडळींना नवी नाही. बर्लिन, म्युनिच, हॅम्बुर्ग येथेही मोठ्या घरातली एखादी खोली मूळ भाडेकरूच पोटभाड्याने देतो. त्यासाठी घरमालकाची संमती लागते. संमतीवाचून दिल्यास मूळ भाडेकरूला घर सोडावे लागण्याची पाळी येऊ शकते. त्यातच घराच्या मालकाला, आपल्या घरात कोणाकोणाची नोंद आहे हे योग्य कारण दाखवून कचेरीत विचारता येते. नोंद झाली की चोरून ठेवलेला पोटभाडेकरू उघडा पडतो. कोणी भाड्याचे उत्पन्न कर खात्यापासून लपवलेले असते. कोणी सरकारी मदतीवर जगत असते आणि घरात दुसरे माणूस आहे हे कळले तर ती मदत कमी होईल अशी त्याला धास्ती असते. काहींना मात्र खरोखर काही लपवायचे नसते. नव्या माणसाला नोंद दिली की तो घर बळकावील, असा नुसता गैरसमज असतो. वास्तविक नोंदीने घरावर कोणताही हक्क निर्माण होत नाही. ती केवळ 'हा मनुष्य येथे राहतो' अशी वर्दी आहे.

कायदा याबाबत काय म्हणतो? घर देणाऱ्याने हे पत्र दिलेच पाहिजे. न दिल्यास त्यालाही एक हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. 'घर देणारा' म्हणजे मालकच असला पाहिजे असेही नाही. पोटभाड्याने देणारा मूळ भाडेकरू सही करू शकतो. त्याने मालकाची संमती घेतली होती की नाही हे नोंदणी कचेरी तपासत बसत नाही. आणि पत्र मिळतच नसेल तर राहणाऱ्याने तसे कचेरीला ताबडतोब कळवावे, अशी तरतूद त्याच कलमात आहे. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. व्यवहारात, ज्या घरात आपल्याला आज रात्री झोपायचे आहे त्याच घराच्या धन्याविरुद्ध तक्रार कोण करणार? गावात नवा, भाषा अर्धवट आणि बाहेर तापमान शून्याच्या खाली! कायद्याने दिलेला हक्क वापरण्यासाठी दुसरे एखादे छप्पर लागते आणि नवागताजवळ नेमके तेच नसते.

या पेचातून पत्त्यांचा बाजार उभा राहिला आहे. राहावयाचे एकीकडे आणि नोंद करायची भलतीकडे. नोंदीपुरता पत्ता देण्याचे पैसे घेणारे लोक मोठ्या शहरांत भेटतात. कित्येक जण हे निरुपद्रवी समजतात, कारण 'मार्फत' पत्ता देणे हा आपल्याकडे शिष्टाचारच आहे. तेथे मात्र जेथे राहतच नाही तेथली नोंद देणे किंवा देऊ करणे हा मोठा अपराध आहे. त्याला पन्नास हजार युरोपर्यंत दंड सांगितला आहे. नोंद न केल्याबद्दल हजार आणि खोट्या नोंदीची सोय करून दिल्याबद्दल पन्नास हजार, यावरून राज्यसंस्थेला कशाची अधिक चीड आहे ते कळते. न सांगितलेले ती खपवून घेईल. खोटे सांगितलेले नाही. याहून वाईट फसवणूकही होते. सुंदर घराची छायाचित्रे दाखवायची, मालक परदेशी आहे असे सांगायचे, अनामत आधी पाठवा मग किल्ली टपालाने येईल असे आश्वासन द्यायचे आणि पैसे मिळताच नाहीसे व्हायचे. नोंद मिळेल, असे या जाहिरातींत आवर्जून लिहिलेले असते. भुकेल्याला भाकरी दाखवण्यातलाच हा प्रकार. घर स्वतः किंवा ओळखीच्या कोणाकरवी पाहिल्यावाचून एक युरोही पाठवू नये.

नोंद आणि मुक्काम जुळले, तरी पोस्टाचा प्रश्न उरतो आणि तो आपल्या माणसाला अगदी अनपेक्षित असतो. जर्मनीतल्या बहुतेक इमारतींत घरांना क्रमांक नसतात. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि माणसाचे नाव, एवढाच पत्ता. बर्लिनच्या जुन्या इमारतींना पुढचे घर, बाजूचा सोपा, मागचे घर अशा तीन-तीन बाजू असतात आणि त्यांत वीस-पंचवीस बिऱ्हाडे राहतात. पोस्टमन दाराशी येतो, टपालपेट्यांवरची नावे वाचतो आणि नाव असेल त्या पेटीत पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. आपल्याकडे पोस्टमनकाका 'कुलकर्ण्यांकडे नवे भाडेकरू आलेत ना, त्यांचेच असेल' असे म्हणून पत्र वरच्या मजल्यावर नेऊन देतात. तेथे ही चौकशी करणारे कोणी नाही. म्हणून खोली मिळताच पहिले काम कोणते, तर पेटीवर आपले नाव लावणे. ज्या मराठी दादाकडे किंवा ताईकडे पहिले दोन आठवडे उतरायचे, त्यांनाही आधीच विनवून ठेवावे, "तुमच्या नावाखाली माझ्या नावाची चिठ्ठी डकवाल ना?" हे काम कागदाच्या एका पट्टीचे आहे, पण त्या पट्टीवाचून बँकेचे कार्ड, आरोग्य विम्याचे कार्ड आणि कर खात्याचा क्रमांक ही तिन्ही आल्यापावली परत जातात.

कर खात्याचा क्रमांक नोंदीशी बांधलेला आहे. पहिली नोंद होताच केंद्रीय कर कचेरी अकरा आकडी क्रमांक टपालाने धाडते. २००८ पासून ही पद्धत आहे. तो एकदा मिळाला की जन्मभर बदलत नाही. शिकता शिकता उपाहारगृहात किंवा दुकानात काम करायचे तर मालक हा क्रमांक विचारतो. स्वतःच्या हलगर्जीपणामुळे तो दिला नाही, तर पगारातून सहाव्या, म्हणजे सर्वांत जड वर्गाने कर कापला जातो. जादा कापलेला कर पुढे विवरणपत्र भरून परत मिळवता येतो हे खरे. पण ज्याला या महिन्याचे भाडे द्यायचे आहे त्याला पुढच्या वर्षीचा परतावा काय उपयोगाचा? नोंद रखडली असेल तर स्थानिक कर कचेरीत जाऊन क्रमांकासाठी विचारणा करावी. नुसते टपालाची वाट पाहत बसू नये.

त्याहून नाजूक बाब वास्तव्य परवान्याची. विद्यार्थ्याचा प्रवेश व्हिसा थोड्या महिन्यांचा असतो. तो संपण्यापूर्वी परदेशी नागरिकांच्या कचेरीत अर्ज करून दीर्घ मुदतीचा परवाना घ्यायचा असतो आणि कोणती कचेरी आपली, हे ठरते आपण राहतो कोठे यावरून. नोंदच नसेल तर 'तुम्ही आमच्या हद्दीतले कशावरून?' हा पहिलाच प्रश्न येतो. अर्ज वेळेत केलेला असेल, तर निर्णय लागेपर्यंत जुना व्हिसा चालू आहे असे मानून एक दाखला देतात. त्याचे नाव 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग'. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्याचे भाषांतर 'कल्पितकथेचे प्रमाणपत्र' असे करून हसावे. आपल्या सरकारी मराठीत त्याला 'मानीव' दाखला म्हणता येईल. पुढे कोणाला तेथेच स्थायिक होऊन नागरिकत्व घ्यायचे असेल, तर २०२४ च्या सुधारणेनंतर आठऐवजी पाच वर्षांचे कायदेशीर वास्तव्य दाखवावे लागते. ते दाखवण्याचा सर्वांत सोपा पुरावा म्हणजे सलग नोंदी. बिननोंदीचे सहा महिने राहून गेले तर ते प्रत्यक्षात जगलेले असूनही कागदावर सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

नोंदीचे काही भुर्दंडही आहेत. नोंद होताच आकाशवाणी-दूरचित्रवाणीच्या वर्गणीचे पत्र येते, मग घरात दूरदर्शन संच असो वा नसो. २०२१ मध्ये ही वर्गणी घरामागे महिना १८ युरो ३६ सेंट ठरली. ती घराला एकच असते, म्हणून तिघे-चौघे एकत्र राहणाऱ्यांनी ती वाटून घ्यावी. प्रत्येकाने वेगळी भरू नये. अर्जात धर्माचाही रकाना असतो. आपल्याला तो जनगणनेतल्या रकान्यासारखा वाटतो. पण वसईचा किंवा गोव्याचा कॅथॉलिक विद्यार्थी तेथे आपला धर्म लिहितो, तेव्हा तो चर्चच्या कराला पात्र ठरतो. पुढे नोकरी लागून आयकर बसू लागला की त्या कराच्या आठ टक्के, आणि बव्हेरिया व बाडेन-व्युर्टेम्बेर्ग सोडून इतर राज्यांत नऊ टक्के, एवढी रक्कम चर्चसाठी कापली जाते. श्रद्धावान माणूस ती आनंदाने देईलही. पण रकान्याचा अर्थ ठाऊक असून देणे वेगळे आणि पगाराची चिठ्ठी पाहून चकित होणे वेगळे.

एवढ्या बारकाईने माणसाचा ठावठिकाणा लिहून ठेवणारे राज्य पाहिले की मनात एक शंका येते. ही वही कोणाच्या हाती पडली तर? जर्मन लोकांनी या प्रश्नाचे उत्तर भोगलेले आहे. ६ जानेवारी १९३८ रोजी नाझी राजवटीने सबंध राईशसाठी एकच नोंदणी हुकूम काढला. १७ मे १९३९ च्या जनगणनेत प्रत्येकाच्या आजी-आजोबांपैकी कोण ज्यू होते हे वेगळ्या पत्रकावर लिहून घेतले. शेजारच्या हॉलंडमध्ये लोकसंख्येची नोंदवही युद्धापूर्वीच अतिशय नेटकी होती आणि जर्मन सैन्य आल्यावर तो नेटकेपणाच ज्यूंच्या मुळावर आला. २७ मार्च १९४३ रोजी चित्रकार व लेखक विलेम अरोंडेउस आणि त्याच्या साथीदारांनी ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कचेरीला आग लावली. त्या गटातील बारा जणांना त्याच वर्षी १ जुलै रोजी गोळ्या घालण्यात आल्या. पत्त्यांच्या कपाटासाठी माणसे मरायला तयार झाली, यावरून पत्त्याची किंमत समजते.

युद्धानंतर ही स्मृती पुसली गेली नाही. १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीत जनगणनेचा कायदा आला तेव्हा लोकांनी मोठा विरोध केला. १५ डिसेंबर १९८३ रोजी कार्ल्सरूह येथील घटना न्यायालयाने निकाल दिला की स्वतःविषयीच्या माहितीचे काय व्हावे हे ठरवण्याचा मूलभूत अधिकार व्यक्तीला आहे. आज त्या देशात माहितीच्या गुप्ततेची जी जागरूकता दिसते तिचे एक मूळ या निकालात आहे. असे असूनही नोंदवही राहिली आणि तिच्यात एक खिडकीही राहिली. थोडे शुल्क भरून कोणीही एखाद्या नावाच्या माणसाचा चालू पत्ता कचेरीतून मागू शकतो. मात्र ज्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे त्याला ही माहिती रोखून ठेवण्याचा अर्ज करता येतो. पाठलाग करणाऱ्या माणसापासून किंवा मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून दूर गेलेल्या स्त्रियांनी हा अर्ज नोंदीच्या वेळीच करणे शहाणपणाचे. भीतीपोटी नोंदच न करणे हा उपाय दिसायला सोपा, पण परवान्यापासून दवाखान्यापर्यंत सर्व दारे त्याने बंद होतात.

सगळे देश असे नाहीत. इंग्लंडने युद्धकाळातली राष्ट्रीय नोंदणी १९५२ मध्ये बंद केली. तेथे नवागताला वीजबिल आणि बँकेचे पत्रक यांच्यामध्ये हेलपाटे घालावे लागतात. जपानमध्ये जर्मनीप्रमाणेच चौदा दिवसांत नगरपालिकेत जावे लागते. २०१२ पासून परदेशी रहिवाशांची नोंदही जपानी नागरिकांच्याच वहीत होते. आणि आपण? आधार क्रमांक देण्याची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी झाली, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट. पण याच महाराष्ट्रात पालांत राहणाऱ्या भटक्या-विमुक्तांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा मागितला जातो. ज्यांचा व्यवसायच गावोगाव फिरण्याचा, त्यांनी कोणत्या घराचा पुरावा आणावा? त्यांच्याच पूर्वजांना १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवून, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ठेवून, रोज हजेरी लावायला भाग पाडले होते. १९५२ मध्ये तो कायदा गेला. म्हणजे एकेकाळी सरकारने ज्यांचा मुक्काम तासातासाला लिहून घेतला, त्यांच्याचजवळ आज मुक्कामाचा कागद नाही! बर्लिनच्या खोलीत नोंदीवाचून बसलेल्या आपल्या पदवीधराची अडचण त्यांच्या मानाने किरकोळ आहे, पण जात एकच. तसेच, पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्याला घर नाकारताना 'पोलिसांत कळवावे लागते, नसती भानगड नको' असे म्हणणारे घरमालक आपल्या गल्लीत आहेतच. त्यांची भाषा मराठी, एवढाच काय तो फरक.

जे जाणार आहेत त्यांच्यासाठी आणखी थोडे. विद्यार्थी वसतिगृहाची जागा मिळाली तर ती घरापेक्षा लहान आणि शहराबाहेर असली तरी घ्यावी. पहिल्या वर्षी तिचे मोल नोंदीच्या पत्रात आहे. ती मिळाली नाही तर खोली ठरवताना भाड्याच्या आधी नोंदीचे विचारावे आणि होकार लेखी घ्यावा. बर्लिनमध्ये कोणत्याही विभागाच्या नागरी कचेरीत नोंद करता येते, आपल्याच विभागात केली पाहिजे असे नाही. भेटीची वेळ मिळणे तेथे कठीण असते, म्हणून मिळेल त्या कचेरीची वेळ घ्यावी आणि वेळ घेतल्याचा कागद जपून ठेवावा. दोन आठवडे उलटून गेले तरी तो कागद आपली तत्परता दाखवतो. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक मागता येत नाही, हेही ध्यानात असावे.

देश सोडून परत येताना नोंद उतरवावीही लागते. जर्मनीतल्या जर्मनीत घर बदलताना नवी नोंद केली की जुनी आपोआप निघते. परदेशी जाताना मात्र निघण्याच्या आठवडाभर आधीपासून ते घर सोडल्यावर दोन आठवड्यांपर्यंत तसे कळवावे लागते. ते विसरले तर वर्गणीची आणि विम्याची पत्रे त्या पेटीत पडत राहतात, थकबाकी वाढत जाते आणि नावाची पट्टी पुढच्या भाडेकरूने काढून टाकली की 'पत्ता सोडून गेला, ठिकाण अज्ञात' असा शेरा घेऊन पत्रे परत फिरू लागतात. मग केव्हा तरी कचेरी आपण होऊन नोंद काढून टाकते. नोंद उतरवल्याचा कागद मात्र घरी जपून ठेवावा. विमा, बँक आणि मोबाइलचा करार बंद करताना तो मुंबईत बसूनही मागितला जातो.